एव्हर्टला विचारलं होतं

११ मार्च २०१८, रविवार

प्रिय इल्वा,

तू फोन ठेवलास त्याला आज आठवडा झाला. त्यानंतर मी चारदा लावला. तू उचलत नाहीस तेव्हा एक नॉर्वेजियन बाई बोलते, तिचा आवाज आता माझ्या ओळखीचा झालाय. म्हणून लिहायला बसले. पत्राचं एक बरं असतं, तू ते मध्येच टाकून दिलंस तरी मला कळत नाही.

तू म्हणालीस, "ज्यानं मला सायकल शिकवली त्याला तू काढून टाकलंस." एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. मला बोलायला मिळालं नाही, ते आता बोलते.

आपल्या कारखान्याच्या निम्म्या खिडक्या अठरा वर्षं घेणारी ती घरबांधणी कंपनी जानेवारीत गेली. आता त्यांच्या खिडक्या लॅटव्हियातून येतात, काचा बसवून, गुंडाळून. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण आपल्याकडे नऊ माणसं आहेत आणि काम उरलंय सहांचं. तीन माणसं कमी करायची, यात माझ्या हातात काही नव्हतं. कोणती तीन, यातही फारसं नव्हतं. कायदा सोपा आहे: जो शेवटी आला तो आधी जातो. दोघं नवे होते, ते गेले. तिसरी नेर्मिना. ती सात वर्षांपूर्वी आली. एव्हर्टला बत्तीस वर्षं झालीत.

म्हणजे नेर्मिनानं जायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण तोच कायदा पुढे असंही म्हणतो की जो मागे राहील त्याला उरलेलं काम यायला हवं, निदान थोड्या महिन्यांत शिकता यायला हवं. उरलेलं काम सगळं त्या जर्मन मशीनवरचं आहे, संगणकावर चालणाऱ्या. हातकामाचा विभाग बंद होतोय. नेर्मिना मशीन चालवते, एव्हर्टला ते येत नाही. दोन वर्षांपूर्वी मशीन आलं तेव्हा प्रशिक्षण होतं. एव्हर्टला विचारलं होतं. तो नको म्हणाला.

नोटिशीचा कागद मी त्याच्या हातात दिला. टपालानं पाठवला नाही, हे तरी माझ्या बाजूनं लिहून ठेव. तो नेहमीसारखा दारात थांबला, कपड्यांवरचा भुसा झटकला आणि मग आत आला. उभ्यानंच दोनदा वाचलं.

"म्हणजे ऑगस्टअखेर," तो म्हणाला.

"हो. सहा महिने मिळतात तुला."

"मग शाळेच्या खिडक्या होतील पूर्ण."

"एव्हर्ट, बस ना जरा."

"बसलो की उठायला वेळ लागतो. तिकडे चौकटीला लावलेला सरस वाळतोय."

आणि गेला. तो ओरडेल, टेबलावर हात आपटेल, अशी मी मनाची तयारी केली होती. ती सगळी तयारी तशीच अंगात राहिली आणि दिवसभर जड झाली. दुपारच्या कॉफीला तो त्याच्या खुर्चीवर बसला होता म्हणे. मी गेले नाही.

तुझे बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि मला खिडकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कारखाना उभा राहिला तो एव्हर्टच्या जिवावर, हे तू मला सांगायला नको. तुला शाळेतून आणायचा तोच, तुझा गृहपाठ व्हायचा काचांच्या खोलीत, हेही नको. हे सगळं माहीत असूनही मी तो कागद लिहिला. हे काय मी हौसेनं केलं असेल का?

आई


२९ एप्रिल २०१८, रविवार

प्रिय इल्वा,

तुझं कार्ड आलं. पुढे फ्योर्ड, मागे एक ओळ: "तू त्याला खरंच विचारलं होतंस का?"

सहा आठवड्यांनी एक ओळ. असो, आली तरी.

विचारण्याचं म्हणशील तर, दोन वर्षांपूर्वीच्या गोष्टी कुणाला शब्दन् शब्द आठवतात? त्या वर्षी मशीनचं कर्ज होतं, तुझं शिक्षण होतं, माझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. एव्हर्ट आणि मी दिवसातून वीस वेळा बोलायचो. त्यात मशीनचा विषय आला नसेल असं कसं होईल.

आता मंगळवारी काय झालं ते ऐक. युनियननं हरकत घेतली म्हणून बैठक होती, आपल्याच कॉफीच्या खोलीत. त्यांच्या बाजूनं बोर्ये अल्मेर नावाचा माणूस आला होता. मोठा, सावकाश बोलणारा, स्वेटरच्या कोपरांवर ठिगळं. त्याच्या शेजारी एव्हर्ट, आणि कारखान्यातली युनियनची प्रतिनिधी म्हणून नेर्मिना. विचार कर, जिची नोकरी वाचली तीच त्याच्या बाजूला बसलेली. माझ्या बाजूला मी आणि स्पीकरवर ठेवलेला फोन. फोनमध्ये फ्रिडा, मालक संघटनेची वकील. तुझ्याच वयाची असेल. आदल्या दिवशी तिनं मला तासभर शिकवलं होतं.

"त्याला जमणार नाही, असं म्हणू नका," ती म्हणाली होती. "जमणार नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. त्याला संधी दिली होती आणि त्यानं ती घेतली नाही, असं म्हणता येईल का?"

"म्हणता येईल," मी म्हणाले.

बोर्येनं सगळं विचारून झाल्यावर तेच विचारलं. "मशीनचं प्रशिक्षण एव्हर्टला देऊ केलं होतं?"

"केलं होतं."

"मग?"

"तो नको म्हणाला."

बोर्येनं लिहून घेतलं. मग एव्हर्टकडे वळला. "तुला काही बोलायचंय यावर?"

एव्हर्ट माझ्याकडे बघत होता. म्हणजे असं मला वाटतं, कारण मी कागद बघत होते. मग तो म्हणाला, "नाही. लिहा तुम्ही."

बैठकीत एकमत झालं नाही. आता प्रकरण वर जाईल, शरदात यन्शोपिंगला, युनियन आणि मालक संघटनेच्या मोठ्या बैठकीत. पण इतिवृत्तावर सगळ्यांनी सह्या केल्या, एव्हर्टनंसुद्धा. त्याला खोटं वाटलं असतं तर त्यानं सही केली असती का? हे तुझ्या एका ओळीचं उत्तर समज.

नेर्मिना मात्र निघताना माझ्याशी बोलली नाही. वसंतातली दमणूक असेल. सगळेच दमलेत.

आई


९ सप्टेंबर २०१८, रविवार

प्रिय इल्वा,

आज मत देऊन आले. शाळेत रांग होती. एव्हर्टनं बसवलेल्या नव्या खिडक्यांमधून वर्गात छान उजेड येत होता. रांगेतल्या दोघांनी मला ओळखलं आणि दोघांनीही खिडक्यांविषयी काहीच बोलायचं टाळलं.

या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता. जुलैत गवत पार पिवळं पडलं, नळाचं पाणी बागेला घालायला बंदी होती. तू आली नाहीस. मी सुट्टीभर घरात बसून होते आणि तुला हे पत्र मनात लिहीत होते. चारपाच वेळा तरी लिहिलं असेल. दर वेळी ते एकाच जागी येऊन अडायचं.

एकतीस ऑगस्टला त्याचा शेवटचा दिवस झाला. मी केक मागवला होता. त्यानं दुपारपर्यंत काम केलं, पटाश्यांना धार लावली, टेबल पुसलं, केक खाल्ला, प्रत्येकाशी हात मिळवला. माझ्याशीही. म्हणाला, "मागच्या दाराची कडी ढिली आहे, कुणाला तरी बघायला सांग." मग सायकल काढून गेला.

सोमवारी नेर्मिना ऑफिसात आली. तिनं दार लावून घेतलं. तिच्या हातात मशीनसोबत आलेली माहितीची जाडजूड फाइल होती. तिनं मधलं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. प्रशिक्षणाला जाणाऱ्यांची यादी. आठ नावं टाइप केलेली, त्यातल्या चौथ्या नावावर निळ्या पेनानं रेघ. शेजारी माझी आद्याक्षरं.

"हे अक्षर तुझं आहे," ती म्हणाली.

"कुठं मिळालं?"

"तिथंच होतं, दोन वर्षं. मी तेव्हाच बघितलं होतं. मला वाटलं, त्यानंच नको म्हटलं असेल. म्हणून एप्रिलमध्ये मी त्या खोलीत गप्प बसले. शुक्रवारी केक खाताना मी त्याला विचारलं. तर तो म्हणाला, 'जाऊ दे गं, केक खा.' मी सात वर्षं त्याच्याशेजारी काम केलंय. त्यानं नको म्हटलं असतं तर तो 'नको म्हटलं' असं म्हणाला असता."

मी फाइल मिटली.

"मला दोन मुली आहेत," ती म्हणाली. "घराचं कर्ज आहे. गप्प बसणं मला परवडेल. पण रोज सकाळी सात वाजता त्या मशीनपाशी मी उभी राहते, तू नाही. वरच्या बैठकीच्या आधी तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मग काय व्हायचं ते होईल. मला काढलंस तरी चालेल."

तिचा आवाज चढला नव्हता. लहानपणी बोस्नियातून आली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी होती, हे ती एकदा जेवताना म्हणाली होती. अशा माणसाला नोकरीची भीती घालता येत नाही. आणि मी घालणारही नव्हते.

आता तू विचारलेल्या ओळीचं उत्तर.

मी त्याला विचारलं नव्हतं. त्यानंच मला विचारलं होतं.

यादी फळ्यावर लागली त्या दिवशी तो ऑफिसात आला. "माझंही नाव आहे ना?" म्हणाला. खुशीत होता. तीन दिवस नेश्योला जायचं, हॉटेलात राहायचं, त्याच्या मेर्तानं त्यासाठी नवा शर्ट घेतला होता. पण त्याच आठवड्यात आपल्याला त्या जमीनदाराच्या हवेलीच्या खिडक्या द्यायच्या होत्या. कमानीच्या. त्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. मी ते त्याला सरळ सांगायला हवं होतं: एव्हर्ट, या आठवड्यात नको, पुढच्या खेपेला जा. ते सांगितलं असतं तर पुढची खेप करावी लागली असती आणि एकट्या माणसासाठी ते लोक पुन्हा वर्ग घेत नाहीत. म्हणून मी हसून म्हणाले, "तुला रे कशाला मशीन? मशीन बंद पडलं तर तुझे हात आहेत आपल्याकडे. सगळ्या जिल्ह्यात असे हात नाहीत." आणि त्याच्यादेखत नावावर रेघ मारली.

तो लाजला. कानापर्यंत लाल झाला. "बरं," म्हणाला. "तसं असेल तर बरं."

मी खोटं कौतुक केलं नव्हतं, इल्वा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याच कौतुकावर मी दोन वर्षांनी त्याला घरी पाठवलं.

वकीलबाईनं मला खोटं बोलायला सांगितलं नाही. "म्हणता येईल का" एवढंच तिनं विचारलं होतं. येईल, हे माझं.

हे लिहून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. फक्त झोप येतेय, आणि आत्ता दुपारचे चार वाजलेत.

आई


१४ ऑक्टोबर २०१८, रविवार

प्रिय इल्वा,

काल एव्हर्टकडे गेले होते. तुला त्यानं सांगितलंही असेल. तुम्ही दोघं बोलता हे मला माहीत आहे, आणि ते बरंच आहे.

तो अंगणात लाकडं रचत होता. मेर्ता स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसली, मला बघून तिनं खिडकी लावून घेतली. तीस वर्षांत या घरी मी कॉफीशिवाय पहिल्यांदाच उभी होते.

"नेर्मिनानं पाठवलं?" त्यानं विचारलं.

"नाही. म्हणजे, थोडं तिनंही."

"पोरगी चांगली आहे. तिला काही करू नकोस."

"नाही करणार." मग मी एका दमात बोलून टाकलं. यादी, रेघ, एप्रिलची बैठक, सगळं. त्याला माहीत असलेलंच त्याला सांगत होते. तो लाकडं रचत राहिला. सालीची बाजू वर, एकावर एक.

"तू तेव्हा का बोलला नाहीस?" मी म्हणाले. "बोर्येनं विचारलं तेव्हा. एका शब्दात मी उघडी पडले असते."

तो थांबला. "मी बघत होतो."

"काय?"

"तू विसरलीस की खोटं बोलतेस. तेव्हा कळेना. आणि मला हेही ठरवता येईना की दोन्हीतलं कोणतं झालेलं बरं. विसरली असशील तर त्या दिवसाचं तुला काहीच नव्हतं, मीच दोन वर्षं मनात धरून बसलो होतो. आणि खोटं बोलत असशील, तर निदान तुला आठवत होतं."

"मग कळलं?"

"हो. तू मान वर केली नाहीस तेव्हा."

मी म्हणाले की यन्शोपिंगच्या बैठकीत मी खरं सांगणार आहे. तो म्हणाला, "सांग." त्यात आनंद नव्हता, राग नव्हता. पाऊस येणार म्हटल्यावर माणूस "येऊ दे" म्हणतो तसं.

"नोकरी त्यानं परत मिळत नाही," मी म्हणाले. "मी विचारून घेतलंय. काढण्याचा क्रम चुकला तर मालकानं भरपाई द्यायची, एवढंच."

"मला माहीत आहे. बोर्येनं सांगितलंय."

"आणि येत्या मेपर्यंत कारखान्यात कुठलीही जागा निघाली तर आधी तुला विचारायचं. तुला झेपणारी असेल तर."

"तेही सांगितलंय." मग पहिल्यांदाच तो थोडा हसला. "कायद्यानंच विचारायला लावलं म्हणजे तुला."

मी निघाले तेव्हा त्यानं फाटकापर्यंत सोबत केली. गाडीत बसल्यावर मला आठवलं की मी माफी मागितलीच नाही. सगळं सांगितलं आणि तेवढं राहिलं. परत वळून जाण्याइतकं त्राण नव्हतं. हे कारण झालं का? नाही झालं. पण तसं झालं खरं.

आई


२ डिसेंबर २०१८, पहिला अॅडव्हेंट रविवार

प्रिय इल्वा,

छोटंच लिहिते.

बैठक बुधवारी झाली. लांब टेबल, पाण्याचे जग, नाताळाची म्हणून कुणीतरी आधीच लावलेली एक मेणबत्ती. फ्रिडा या वेळी प्रत्यक्ष आली होती. मी तिला गाडीतच सांगितलं. तिनं हातातले कागद परत बॅगेत ठेवले. मग म्हणाली, "हे मला एप्रिलमध्ये सांगितलं असतंत तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता."

"माहीत आहे."

"आपण अजूनही काही न बोलता तडजोड करू शकतो. आज कुणी तुम्हाला तो प्रश्न विचारेलच असं नाही."

"माहीत आहे."

खरंच कुणी विचारला नाही. बोर्ये इतर मुद्द्यांवर आला आणि फ्रिडा आकडा सुचवायच्या बेतात होती. तेव्हा मी म्हणाले, "एप्रिलच्या इतिवृत्तात माझ्या नावावर एक वाक्य आहे, ते खोटं आहे." नेर्मिना समोर होती. एव्हर्ट तिच्या शेजारी. या वेळी मी मान वर ठेवली. नुसती मान वर ठेवायची, तरी फार अवघड गेलं.

बोर्ये ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं मी या टेबलांवर बसतोय," तो म्हणाला. "मालक माझ्यासमोर खूप वेळा चुकलेत. पण असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. त्याचं काय करायचं असतं हेही मला आठवत नाही." मग त्यानं दहा मिनिटांची विश्रांती मागितली.

भरपाई ठरली. जेवढी व्हायला हवी तेवढी झाली, कारखाना तगेल. मी एव्हर्टची माफी मागितली. सगळ्यांसमोर, कारण खोटंही सगळ्यांसमोर बोलले होते. तो म्हणाला, "ठीक आहे." ठीक आहे म्हणजे माफ केलं असं नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून मी नेर्मिनाला गाडीतून सोडलं. उतरताना ती म्हणाली, "उद्या सकाळी दोन नंबरची कटर बदलावी लागेल, मागवलीयस का?" मी म्हणाले, मागवलीय. "बरं," ती म्हणाली.

आई


१२ मे २०१९, रविवार

प्रिय इल्वा,

वाढदिवसाचा तुझा मेसेज मिळाला. चार शब्द होते, चारही वाचले.

तुला सांगायचं राहिलेलं एक आहे. मार्चमध्ये एक मोठं काम आलं. जुन्या रेल्वे स्टेशनची इमारत, शंभर वर्षांची, सगळ्या खिडक्या हातानं दुरुस्त करायच्या. काचांची पुटी, तावदानं, सांधे, सगळं जुन्या पद्धतीनं. हातकामाला एक माणूस घ्यावाच लागणार होता. मी फ्रिडाला फोन केला. ती म्हणाली, "एव्हर्टचा पहिला हक्क एकतीस मेला संपतो. काम जूनमध्ये सुरू केलंत तर तुम्ही कुणालाही घेऊ शकता. सांगणं माझं काम आहे."

वेटलांडाचा एक सुतार होता, पस्तिशीचा, चांगला. जूनमध्ये यायला तयार. सोपं होतं, कायद्यात बसणारं होतं, आणि मला त्या माणसासमोर पुन्हा उभं राहावं लागणार नव्हतं. मी दोन दिवस तसं करायचं धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी एव्हर्टला रजिस्टर पत्र पाठवलं. का, ते नीट सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणू नकोस. लपवून काही करायचं म्हणजे पुन्हा सगळं लक्षात ठेवायचं, आणि तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

उत्तराला आठ दिवसांची मुदत होती. सहाव्या दिवशी तो स्वतः आला. कारखान्यात पाऊल ठेवताच दारात थांबून त्यानं कपडे झटकले. त्याच्या कपड्यांवर भुसा नव्हता.

"नाही येणार," तो म्हणाला. "लेखी हवं असेल तर लिहून देतो."

"निवृत्ती घेतलीस?"

"कुठली. एक्शोला लागलोय, फेब्रुवारीपासून. दारं बनवतात तिथं."

"हातकाम?"

"मशीन. तुमच्याहून मोठं आहे, पण जात तीच. शिकायला पाच आठवडे लागले. त्यातला एक आठवडा मला सर्दी होती."

त्यानं हे टोमण्यानं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो सुट्टीवरून आलेला माणूस तिकडच्या हवेविषयी सांगतो तसं सांगत होता. मी खुर्ची पुढे केली. तो बसला, इल्वा. नोटिशीच्या दिवशी बसला नव्हता.

"आवडतं का?" मी विचारलं.

"आवाज फार करतं. पण संध्याकाळी हात दुखत नाहीत."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "हात?"

"दोन्ही. उजवा जास्त. सकाळी तर मेर्ता शर्टाची बटणं लावून द्यायची."

"कधीपासून?"

"दहा वर्षं झाली असतील. बाराही असतील."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू सगळ्यांना त्याच हातांविषयी सांगायचीस," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलं की मला बोलावून दाखवायचीस. मग कसं सांगणार? म्हटलं, मशीन आलंय, ते शिकून घेऊ, म्हणजे सांगावंच लागणार नाही."

मग त्यानं नकाराच्या कागदावर सही केली. सही करताना मी पहिल्यांदा त्याचा हात बघितला. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठा आत वळलेला. इतकी वर्षं तो हात रोज माझ्यासमोर होता.

कॉफी घेऊन तो गेला. वेटलांडाच्या सुताराला मी कळवलं, तो तीन तारखेपासून येईल. पहिल्याच दिवशी त्याला मी विचारणार आहे की कुठं काही दुखतं का. तो मला वेडी म्हणेल.

तू जूनमध्ये आठ दिवस एव्हर्ट आणि मेर्ताकडे येणार आहेस, हे त्यानं जाता जाता सांगितलं. मला आधी माहीत नव्हतं हे त्याच्याही लक्षात आलं, आणि त्याला ते बरं वाटलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस.

तू घरी ये असं मी म्हणत नाही. त्यांचं घर आपल्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि माझा गुडघा तेवढं चालतो. एखाद्या दुपारी मी तिकडे आले तर चालेल का? नको असेल तर नको लिही. मी समजेन. पण लिही.

आई